हुकमाची हद्द : सयाजीरावांचं बडोदं

बडोद्यात येणारा पाहुणा आधी लक्ष्मी विलास राजवाडा पाहतो. तिकीट काढायचं, दरबार हॉलच्या रंगीत काचा पाहायच्या, राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर थांबायचं, शस्त्रागारातून बाहेर पडायचं. मग वेळ उरला तर सयाजीबाग, सूरसागर, कीर्तिमंदिर. मराठी पाहुणा असेल तर एखादा जुना वाडा आणि 'इथे अजून मराठी बोलतात हं' हे कौतुक. दिवसभरात शहर 'बघून' होतं.

या फेरीत एक गोष्ट दिसत नाही, कारण ती दगडात नाही, कागदात आहे. बडोदा संस्थानात तिला 'हुजूर हुकूम' म्हणत. महाराजांच्या सहीनं निघणारा हुकूम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नासेक वर्षं या शहरात नळाचं पाणी आलं ते हुकमानं, मुली शाळेत गेल्या त्या हुकमानं, खेड्यात पुस्तकांची पेटी पोचली ती हुकमानं. हिंदुस्थानातल्या इतर संस्थानांतही हुकूम निघतच होते, पण त्यातले बरेचसे शिकारीचे, इनामांचे आणि लग्नकार्यांचे. बडोद्याचं वेगळेपण असं, की इथे एका माणसानं हुकमाच्या जोरावर समाज बदलता येतो का, याचा प्रयोग आयुष्यभर केला. त्या प्रयोगाचा निकाल काय लागला, हे पाहिल्याशिवाय बडोद्याचा वारसा कळत नाही.

वडाचं गाव, गायकवाडांचं शहर

गाव गायकवाडांपेक्षा पुष्कळ जुनं. इसवी सन 812 च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात त्याचा उल्लेख 'वटपद्रक' असा येतो. वडाच्या झाडांचं गाव. त्याच वडावरून वडोदरा, मराठी तोंडात बडोदं, इंग्रजी कागदावर बरोडा. 1974 साली सरकारनं नाव अधिकृतपणे 'वडोदरा' केलं, तरी मराठी माणूस अजून बडोद्यालाच जातो.

गायकवाड मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या दावडीचे. सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली गुजरातच्या मोहिमांवर आलेल्या या घराण्यानं आधी सोनगडला पाय रोवले. पिलाजीराव गायकवाडांचा 1732 मध्ये डाकोरला खून झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1734 मध्ये, बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं. पुढे पेशव्यांशी वाटणीचे करार, 1802 नंतर इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार, हा इतर मराठी संस्थानांसारखाच प्रवास. तटाच्या आतलं शहर चार दरवाज्यांचं: लहरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी दरवाजा. चारही रस्ते जिथे मिळतात तिथे मांडवी. आजही जुन्या शहरात हरवलेला माणूस मांडवी विचारतो आणि वाटेला लागतो.

या शहरात राज्यकर्ते आणि त्यांचे कारभारी मराठी, व्यापारी आणि शेतकरी गुजराती, शिपाईगिरीत अरब-पठाणही. दिवाण भाऊ तांबेकरांच्या चारमजली वाड्याच्या भिंतींवर अजून चित्रं आहेत: कृष्णलीला, रामायण, मराठे आणि इंग्रजांची लढाई. गुजराती लाकूडकाम, मराठी वाड्याची ठेवण आणि भिंतीवर टोपीवाले. त्या काळच्या बडोद्याचं याहून नेमकं चित्र दुसरीकडे मिळायचं नाही.

सोन्याच्या तोफा आणि विषाचं सरबत

सयाजीरावांचं राज्य समजायचं तर त्यांच्या आधीचं राज्य पाहावं लागतं. खंडेराव महाराज (1856 ते 1870) कुस्तीचे, शिकारीचे आणि जवाहिराचे शौकीन. त्यांनी खऱ्या मोत्यांचा एक गालिचा विणवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो केला होता असं म्हणतात, पण तो गेला नाही. पुढे तो राजघराण्याबरोबर देशाबाहेर गेला आणि 2009 साली दोहा इथल्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरना विकला गेला. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या, तर त्यांच्यामागून गादीवर आलेल्या त्यांच्या भावानं, मल्हाररावांनी, सोन्याच्या केल्या.

मल्हाररावांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचं उघड वैर झालं. नोव्हेंबर 1874 मध्ये फेअरनी आपल्या सरबतात विष घातल्याचा आरोप केला. संखिया आणि हिऱ्याची पूड. पुढच्या वर्षी चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तिघे इंग्रज, आणि तिघे हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आला. निकाल वर्णावर फुटला: इंग्रज सदस्यांना गुन्हा सिद्ध झालेला वाटला, हिंदी सदस्यांना नाही. तेव्हा सरकारनं विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल 1875 मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. तिथेच 1882 मध्ये ते वारले.

या प्रकरणातून एक धडा सगळ्या संस्थानिकांना मिळाला. गुन्हा सिद्ध होवो न होवो, 'कारभार वाईट' एवढं म्हणायला जागा मिळाली की गादी जाते. पुढच्या राजाला चांगला कारभार हवाच होता, पण तो त्याचा बचावही होता. सयाजीरावांच्या सुधारणांकडे पाहताना हे विसरून चालत नाही. इंग्रजांना बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा हट्ट त्या सुधारणांमागे होता. 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे ते रिवाजाप्रमाणे वागले नाहीत म्हणून केवढा गहजब झाला. पण तेव्हाही त्यांच्या कारभाराकडे बोट दाखवता आलं नाही.

कवळाण्याचा मुलगा

खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेतले काशीराव नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी शेती करत. त्यांच्या मुलांना बडोद्याला आणलं. कशाला आलात असं विचारल्यावर गोपाळरावानं 'राज्य करायला' असं उत्तर दिलं, अशी आख्यायिका सांगतात. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झालं. बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला शेतकऱ्याचा मुलगा तिसरा सयाजीराव झाला.

त्याला शिकवायला इलियट हे इंग्रज गृहस्थ नेमले गेले आणि राज्य चालवायला दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. हे माधवरावही मराठीच, पण तंजावरकडचे. कुंभकोणमचा जन्म, आणि त्रावणकोर व इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. सहा वर्षांत त्यांनी कर्जात आणि अव्यवस्थेत रुतलेलं संस्थान रुळावर आणलं. 28 डिसेंबर 1881 रोजी अठरा वर्षांच्या राजाच्या हाती सगळे अधिकार आले. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाचं जे मोल कळतं ते जन्मापासून पाटीपुस्तक पाहिलेल्याला क्वचितच कळतं. सयाजीरावांचं पुढचं सगळं राज्य या एका गोष्टीनं उलगडतं असं मला वाटतं.

राजवाडाही याच काळातला. मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. 1881 मध्ये मँट वारले, आणि आपलं गणित चुकलं असून इमारत कोसळणार या धास्तीनं त्यांना घेरलं होतं असं सांगतात. रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं. 1890 मध्ये राजवाडा उभा राहिला आणि अजून उभा आहे.

पाणी, शाळा, बँक

हुकमानं काय होऊ शकतं याचं पहिलं उदाहरण म्हणजे आजव्याचं पाणी. शहर विहिरी, तलाव आणि विश्वामित्री नदीवर जगत होतं, आणि पटकीच्या साथी येत होत्या. शहरापासून वीसेक किलोमीटरवर आजवा इथे मातीचं मोठं धरण बांधून 1892 मध्ये तिथून नळानं पाणी आणलं. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यानं पाणी आपसूक वाहत येई. इंजिनियर होते जगन्नाथ सदाशिवजी. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला, शहर कितीतरी पट वाढलं, तरी बडोद्याच्या पाण्याचा एक वाटा अजून आजव्यातून येतो. तोच तलाव भरला की विश्वामित्रीला पूर येतो हेही खरं. ऑगस्ट 2024 मध्ये अर्धं शहर त्या पाण्यात होतं आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर फिरत होत्या. जुन्या राजानं बांधलेला तलाव चांगलाच होता. पाण्याच्या वाटेवर नंतर कोणी काय बांधलं, हा प्रश्न राजाचा नाही.

दुसरं उदाहरण शाळेचं. 1893 मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. बडोदा संस्थान सलग नव्हतं. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरातभर विखुरलेले होते, मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थानं. त्यामुळे एका तुकड्यात प्रयोग करून पाहणं सोयीचं होतं. मुलगा किंवा मुलगी शाळेत नाही म्हणून बापाला दंड, ही कल्पना तेव्हा हिंदुस्थानात कुणी ऐकलेली नव्हती. तेरा वर्षं तिथला अनुभव घेऊन 1906 मध्ये सगळ्या संस्थानात कायदा लागू झाला. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. सरकारनं ते फेटाळलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं. इंग्रजी हिंदुस्थानात जे जमत नाही असं सांगितलं जात होतं, ते दोन मराठी संस्थानांनी करून दाखवलं.

बाकीची यादी मोठी आहे, तिथे रेंगाळत नाही. 1886 ची गायनशाळा, मौलाबक्षांच्या देखरेखीखालची. 1890 चं कलाभवन, त्रिभुवनदास गज्जरांचं. तिथे रंगकामापासून यंत्रविद्येपर्यंतचं शिक्षण देशी भाषेतून द्यायचा आग्रह होता, आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. 1908 ची बँक ऑफ बडोदा. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, भातखंड्यांच्या पुढाकारानं. बडोदा कॉलेजात शिकवणारे अरविंद घोष, राजपुत्रांना शिकवता शिकवता मराठी रियासतीचं काम उभं करणारे गोविंद सखाराम सरदेसाई, राजदफ्तर सांभाळणारे आणि त्याच हातानं चिमणराव लिहिणारे चि. वि. जोशी. एका लहान शहरात एवढी माणसं एका काळात जमली, ती पगारामुळे जमली हे खरं. पण पगार देणारे राजे इतरही होते.

पुस्तकांची पेटी आणि एक तृतीयांश

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ग्रंथालयांची गोष्ट, कारण तिच्यात हुकमाला एक वेगळी अट जोडली गेली.

अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. महाराजांच्या खाजगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. देशी माणसांना ग्रंथपालाचं शिक्षण द्यायचे वर्ग सुरू झाले. 1912 पासून ग्रंथालयांविषयीचं एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागलं. मांडवीजवळच्या ग्रंथालयाच्या इमारतीत पोलादी मांडण्या आणि जाड काचेच्या फरशा बसवल्या, म्हणजे वरच्या मजल्याचा उजेड खाली उतरेल. दिव्यानं आग लागू नये आणि पुस्तकं तर दिसावीत, हा त्यामागचा हिशेब. त्या काचेच्या फरशा अजून आहेत. त्यांच्यावर चालताना नवखा माणूस पहिलं पाऊल जपून टाकतो.

शाळाही नव्हत्या तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. एका गावानं वाचून झाली की पेटी दुसऱ्या गावाला. पण कायमचं ग्रंथालय हवं असेल तर नियम असा: एक हिस्सा गावानं उभा करायचा, तेवढाच प्रांताची पंचायत देणार आणि तेवढाच सरकार. गावानं आपला वाटा जमवला नाही तर ग्रंथालय नाही.

हा नियम बारकाईनं पाहण्यासारखा आहे. राजाला हवं असतं तर गावोगाव ग्रंथालयाची इमारत बांधून देता आली असती. त्यानं तिजोरीची काही फार हानी झाली नसती. पण ती राजाची राहिली असती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोणाच्या तरी ओसरीवर कपाट ठेवलं, चावी एकाकडे दिली, की ते गावाचं झालं. हे समजणारा एक माणूस बॉर्डन येण्याच्याही आधीपासून काम करत होता. मोतीभाई अमीन हे शिक्षक. 1906 पासून ते चरोतरच्या गावांत 'मित्रमंडळ' वाचनालयं काढत होते. राज्याची यंत्रणा आणि मोतीभाईंची माणसं एकमेकांना भेटली तेव्हा चळवळ पसरली. गुजरातमध्ये आज ज्या गावात जुनं वाचनालय आहे तिथे ते कुणी काढलं असं विचारलं, तर बहुधा 'गावानं' असं उत्तर मिळतं.

जिथे हुकूम थांबला

आता दुसरी बाजू. 1904 मध्ये बडोद्यानं बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीचं वय 12, मुलाचं 16. शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी. संस्थानाच्या कडी प्रांतात उंझा इथे कडवा पाटीदारांची कुलदेवता उमिया आहे. या समाजात दर नऊ-दहा वर्षांनी एकदा उंझ्याहून लग्नतिथी निघायची आणि त्या एका दिवशी जातीतली सगळी लग्नं उरकायची. पुढची तिथी दहा वर्षांनी, म्हणून पाळण्यातल्या मुलांचीही लग्नं लावून टाकत. अशा समाजापुढे बारा आणि सोळा हे आकडे ठेवले की काय होणार? लोकांनी लग्नं लावली आणि दंड भरला. वाजंत्री, जेवणावळ, अहेर, तसा सरकारी दंड. लग्नखर्चातलं एक कलम. विधवाविवाहाला मान्यता, पुढे घटस्फोटाचा कायदा, पुरोहितांनी परीक्षा देऊन मगच पौरोहित्य करावं असा कायदा, हे सगळं बडोद्यानं केलं. कागद काळाच्या फार पुढे होता, घर आपल्या जागी होतं.

जातीच्या बाबतीत हेच अधिक कठोरपणे दिसतं. अस्पृश्यांसाठी सरकारी शाळा 1882-83 पासूनच सुरू झाल्या. फी माफ, पुस्तकं मोफत, वसतिगृह. पण शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर येईनात. शाळा चालल्या त्या मुसलमान शिक्षकांवर, आणि 1908 मध्ये पंजाबातून बोलावलेल्या आर्यसमाजी पंडित आत्मारामांसारख्यांवर. हुकूम शाळा उघडू शकला. मास्तराच्या मनाला तो उघडू शकला नाही.

आणि मग सप्टेंबर 1917. भीमराव आंबेडकर बडोद्याला आले. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या शब्दामुळे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना बडोदा सरकारकडून महिना 25 रुपये मिळाले होते. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. न्यूयॉर्क आणि लंडन करून, अर्थशास्त्राचं त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कुणाजवळ असेल असं शिक्षण घेऊन, ते करार पाळायला आले. राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत अस्पृश्याला कोण घेणार? एका पारशी विश्रामगृहात, खोटं पारशी नाव वहीत लिहून, रोज दीड रुपयानं ते राहिले. वरच्या मजल्यावरच्या अडगळीच्या, अंधाऱ्या जागेत एकटे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यानं वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. एका हिंदू मित्राकडे ते गेले. घरातले नोकर निघून जातील असं त्यानं सांगितलं. एका ख्रिस्ती मित्रानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि तोही मार्ग बंद झाला. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, बसून काढले. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

या प्रसंगाविषयी बोलताना सयाजीरावांना एकतर दोषमुक्त करायचं किंवा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, अशी आपल्याला सवय आहे. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. त्या दिवशी शहरात काय उघडं होतं आणि काय बंद होतं, एवढंच पाहावं. हिंदूचं घर बंद, पारश्याचं विश्रामगृह बंद, ख्रिश्चनाचं घर बंद. उघडी होती ती नोकरी, आणि उघडी होती ती बाग. दोन्ही हुकमानं निर्माण झालेल्या. ही बाग 1879 मध्ये लोकांसाठी म्हणून केलेली होती, आणि तिथल्या झाडाखाली बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. हुकमानं माणसाला कोलंबियापर्यंत नेलं आणि परत आणून कचेरीच्या खुर्चीत बसवलं. रात्री झोपायला चार भिंती तो देऊ शकला नाही, कारण त्या भिंती लोकांच्या होत्या. बडोद्याच्या प्रयोगाची हद्द त्या पाच तासांत आखली गेली.

काय उरलं

1939 मध्ये सयाजीराव गेले. दहा वर्षांनी, 1 मे 1949 ला, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी प्रतापसिंहरावांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू केलं. 1960 मध्ये बडोदं गुजरातेत गेलं. हुकूम काढणारा कुणी राहिला नाही.

त्यानंतर जे उरलं त्याची वाटणी करून पाहिली तर ती बोलकी आहे. मोत्यांचा गालिचा दोह्याला गेला. राजवाडा घराण्याचा आहे, तिकीट काढून पाहता येतो. न्यायमंदिरातलं न्यायालय शहराबाहेरच्या नव्या संकुलात गेल्यापासून त्या देखण्या इमारतीचं पुढे काय करायचं याची चर्चाच चालू आहे. जुन्या वाड्यांच्या जागी मजल्यावर मजले चढतात, आणि त्याचं वाईट वाटणारे आपल्यासारखे बहुतेक जण त्या वाड्यांत राहत नाहीत.

उलट पाणी आहे, बँक आहे, विद्यापीठ आहे, ग्रंथालय आहे. 1915 च्या सुमारास सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून जुनी संस्कृत हस्तलिखितं छापली गेली. तिच्या मागून उभ्या राहिलेल्या प्राच्यविद्या मंदिरानं 1975 पर्यंत वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. 1931 चा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' आहे: कारभारातल्या शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द देणारा कोश. राज्यकर्त्यांची भाषा मराठी, रयतेची गुजराती, आणि कागद तर दोघांनाही कळला पाहिजे, या रोजच्या अडचणीतून तो निघाला. आज दोन राज्यांत भाषेवरून वाद होतात तेव्हा हा कोश कुणाला आठवत नाही.

मराठीचंही तसंच. बडोद्यात 1909, 1921, 1934 आणि 2018 मध्ये मराठी साहित्य संमेलनं भरली. 1932 च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष तर स्वतः सयाजीराव होते. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात मराठी घरं अजून आहेत, मराठी वाचनालय आणि गणपती आहेत. भाषेत 'चालशे' आणि 'हं का' एकाच वाक्यात येतात. राज्य गेल्यावर तिथली मराठी टिकली ती ज्यांना ती हवी होती त्यांनी वर्गणी काढून टिकवली म्हणून.

पुन्हा तीच गोष्ट. जिथे लोकांनी आपला एक तृतीयांश घातला ते उरलं.

याचा अर्थ हुकूम फुकट गेला असा नाही. हुकूम नसता तर अमरेलीच्या मुली शाळेत गेल्या नसत्या, आणि एक विद्यार्थी कोलंबियाला गेला नसता. लोकांच्या मनाची वाट पाहत बसलं असतं तर आजही कदाचित वाटच पाहत असतो. सयाजीरावांनी वाट पाहिली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण राजानं दार उघडलं की आत राहायला लोकांची तयारी लागते, ती हुकमानं येत नाही. ती कुणीतरी दुखावून, झगडून, वर्षानुवर्षं मागून आणावी लागते.

सयाजीबागेतल्या ज्या वडाखाली आंबेडकर त्या दिवशी बसले असं मानतात, त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दर वर्षी 23 सप्टेंबरला तिथे दूरदूरून माणसं येतात. गुजरातची, महाराष्ट्राची, पांढऱ्या कपड्यांतली, डब्यात भाकरी बांधून आणलेली. शहराच्या पर्यटनाच्या फेरीत ही जागा बहुतेक वेळा शेवटी असते किंवा नसतेच. ती राजानं बांधलेली नाही, कुठल्या हुकमानं झालेली नाही. ज्यांना शहरानं राहायला जागा दिली नाही त्यांनी ती आपली जागा ठरवली आणि जपली. गावाला वडावरून नाव मिळाल्याला बाराशे वर्षं झाली. या एका वडाखाली काय घडलं ते सांगितल्याशिवाय बडोद्याची सहल पुरी झाली असं कुणी म्हणू नये.